मिरचीच्या नावावर बिल

सॉरी, पण आज आपण शीबद्दल बोलणार आहोत. हातात कॉफीचा मग असेल तर आधी संपवा. मी थांबते.

झाली? ओके.

आमच्या नंदुरबारच्या घरात हा विषय कधीच चोरून बोलायचा नव्हता, निदान आजी होती तोवर. सकाळी ओट्यावर बसून ती घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "पोट साफ व्हयनं का वं?" अहिराणीतला हा प्रश्न म्हणजे तिचं गुड मॉर्निंग. पाहुणे असोत, नवा जावई असो, सुटका कुणाचीच नाही. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मी आजीला आतल्या खोलीत कसं अडकवता येईल याचे प्लॅन करायचे. मग बारावीनंतर मी पुण्याला आले, मास कॉम केलं, फ्रीलान्सिंग सुरू केलं. दरम्यान आजी गेली आणि तिचा प्रश्नही गेला. आता फोनवर उरलंय फक्त "जेवलीस का?" तुमच्याकडेही हेच ना? आत काय गेलं त्याची रोज चौकशी. बाहेर काय आलं, ते ज्याचं त्याने बघावं.

पप्पांचा मिरचीचा व्यापार आहे. नंदुरबारची मिरची तुम्ही पाहिली नसेल तर हिवाळ्यात एकदा या. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर नजर जाईल तिथपर्यंत लाल मिरची वाळत पडलेली असते आणि नवखा माणूस तिथे पोचण्याआधीच शिंकायला लागतो. पप्पा शिंकत नाहीत. पंचवीस वर्षं ते त्या लाल धुळीत बसलेत. त्यामुळे 2022 च्या उन्हाळ्यात त्यांना संडासात पहिल्यांदा रक्त दिसलं, तेव्हा त्यांनी स्वतःचं निदान स्वतःच करून टाकलं. उष्णता झाली. मिरचीचा माणूस, मिरचीचं दुखणं. दोन दिवस ताक प्यायले, सब्जा खाल्ला, रक्त थांबलं. महिन्याभराने परत आलं.

मग त्यांनी कुणालाही न सांगता एक मूळव्याधवाला गाठला. विना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज वगैरे बोर्ड लावलेला. तसले बोर्ड तुमच्याही गावातल्या भिंतींवर आहेत. त्याने हात न लावता पुड्या दिल्या आणि तिखट बंद करायला सांगितलं. आठ महिने! आठ महिने नंदुरबारचा एक मिरची व्यापारी घरी फिकं वरण खात होता आणि आम्हाला वाटत होतं, चला, पप्पा पथ्य पाळायला लागले. दिवाळीत घरी गेले तर ते चांगलेच बारीक झालेले. मी म्हणाले, "पप्पा, काय स्मार्ट दिसताय!" हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

जानेवारी 2023 मध्ये जिना चढताना त्यांना धाप लागली. हिमोग्लोबिन निघालं 7.9. पन्नाशीच्या पुरुषाचं रक्त इतकं कमी होतं तेव्हा ते कुठून तरी गळतंय असं धरून शोधायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे सुरत. ताप्ती लाइनची गाडी पकडायची आणि नवापूरमार्गे गुजरातेत उतरायचं. तिथे कोलोनोस्कोपी झाली. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ होती. आणि हो, मूळव्याधही होती! पुड्यावाला अगदीच खोटं बोलला नव्हता. एका रक्तामागे दुसरं रक्त लपलं होतं, एवढंच. पप्पा तेव्हा 51 वर्षांचे होते.

हॉस्पिटलात भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच बिल फाडलं, मिरचीच्या नावावर. "एवढं तिखट खातात, दुसरं काय होणार?" खानदेशी माणूस आजारी पडला की आरोपी ठरलेला असतो. मी सर्जनना विचारलंच, "सर, मिरचीमुळे झालं का?" ते हसले. म्हणाले, "मिरचीने जळजळ होते. मूळव्याध असेल तर आगच होते. पण या कॅन्सरच्या सिद्ध झालेल्या कारणांमध्ये मिरची नाही. तुम्ही मिरचीबरोबर काय खाता, ते सांगा."

मिरचीबरोबर काय खातो? त्या रात्री वेटिंग एरियातल्या खुर्चीवर बसून मी पप्पांचं ताट आठवत राहिले.

मी लहान असताना ताटात दादरची भाकरी असायची. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. कधी कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली. बरोबर मिरचीचा ठेचा, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, तुरीची डाळ, थंडीत वांग्याचं भरीत. पप्पा तेव्हा पथारीवर दिवसभर उभे असायचे, पोती उचलायचे. मग धंदा वाढला. 1998 मध्ये नंदुरबार जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, हॉटेलं आली, पैसा आला. पप्पा पथारीवरून गादीवर आले आणि ताटातली भाकरी आठवड्यातून एकदा हौसेने खायची गोष्ट झाली. सकाळी चहाबरोबर खारी-टोस्ट. दहाला फाफडा-जिलेबी, गुजरात शेजारी असल्याची मेहेरबानी. दुपारी पोळी-भाजी, त्यातली भाजी चमचाभर. संध्याकाळी शेव, भजी. आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री मित्रांबरोबर मटण आणि त्याबरोबर जे येतं ते. (नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर एक बाकडं आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. पप्पांचे मित्र म्हणतात, आमच्या बाजूला बसलं तर पिता येते, त्या बाजूला सरकलं तर गुन्हा!) तिखट मात्र तेवढंच राहिलं. बाकी सगळं बदललं आणि आम्ही म्हणत राहिलो की आमचं जेवण पारंपरिक आहे.

आता एक गोष्ट आधीच सांगते. एका माणसाला कॅन्सर कशामुळे झाला हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पप्पांचे दोन मित्र त्याच ताटात जेवून ठणठणीत आहेत. पण लाखो ताटं एकत्र बघितली की काहीतरी दिसायला लागतं. आणि ते बघायला सुरुवात केली एका आयरिश सर्जनने. डेनिस बर्किट त्याचं नाव. हा गडी युगांडात काम करायचा. त्याच्या लक्षात आलं की आपल्या देशात रोज दिसणारा मोठ्या आतड्याचा कॅन्सर इथल्या खेड्यातल्या माणसांत जवळपास दिसतच नाही. मग त्याने काय केलं असेल? लोकांची शी मोजली! किती वजनाची, पोटातून बाहेर यायला किती तास लागले, सगळं. चोथा भरपूर खाणाऱ्या आफ्रिकन माणसाचा कारभार भरघोस आणि झटपट, तर मैदा खाणाऱ्या साहेबाचा किरकोळ आणि रखडत. 1971 मध्ये त्याने हे मांडलं आणि 'फायबर' हा शब्द बिस्किटांच्या पुड्यावर यायचा रस्ता मोकळा झाला. माझी आजी त्याला भेटली असती तर दोघांचं मस्त जमलं असतं.

पण सायन्स म्हणजे काही सरळ सिनेमा नाही. 1999 मध्ये अमेरिकेत 88 हजारांहून जास्त नर्सेसवरचा मोठा अभ्यास आला आणि त्यात फायबरचा काहीच फायदा दिसला नाही. बर्किट आउट, असंच सगळ्यांना वाटलं. मग 2003 मध्ये युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांहून जास्त माणसांचा अभ्यास आला, त्यात फायदा चांगला दिसला. 2011 मध्ये 25 अभ्यास एकत्र करून हिशेब लावला तेव्हा आकडा निघाला की रोजच्या खाण्यात दर 10 ग्रॅम फायबरमागे धोका साधारण 10 टक्क्यांनी कमी दिसतो, आणि सगळ्यात ठळकपणे तो फायदा दिसतो अख्ख्या धान्यातून आलेल्या फायबरचा. म्हणजे पावडर पाण्यात ढवळून पिण्यापेक्षा भाकरी बरी.

मला सगळ्यात भारी वाटला तो 2015 चा प्रयोग. पिट्सबर्गमधले 20 आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले 20 जण घेतले आणि दोन आठवडे त्यांची ताटं चक्क बदलली. अमेरिकनांना मका-डाळींचं खेड्यातलं जेवण, फायबर 14 ग्रॅमवरून थेट 55 वर. खेड्यातल्यांना बर्गर आणि फ्राइज. आधी आणि नंतर आतड्यात दुर्बीण घालून बघितलं. फक्त दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यातली सूज कमी झाली आणि खेड्यातल्यांची वाढली! दोन आठवड्यांत कॅन्सर होत नाही आणि जातही नाही, पण आतड्याचं अस्तर किती पटकन रंग बदलतं ते कळलं. यातला फंडा असा की चोथा आपल्याला पचत नाही, पण आतड्यातल्या जंतूंना तो आवडतो. ते तो आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार होतं. आतड्याच्या पेशी त्याच्यावर जगतात. आपण मैदा खातो तेव्हा जंतू उपाशी आणि पेशीही उपाशी.

हे सगळं वाचून मी माझं स्वतःचं ताट मोजायला बसले. आणि मंडळी, लाज गेली. डेडलाइनचा एक साधा मंगळवार घ्या. सकाळी कॉफी आणि दोन क्रीम बिस्किटं. दुपारी ग्रिल्ड सँडविच. चारला वडापाव. रात्री अ‍ॅपवरून हाका नूडल्स. दिवसाला साधारण 30 ग्रॅम फायबर हवं, माझं दहाच्या पुढे जाईना. शंभर ग्रॅम ज्वारीत ते 10 ग्रॅम असतं, मैद्यात तीनसुद्धा नाही. आणि हो, कणकेत 11! म्हणजे न चाळलेल्या कणकेची पोळी ज्वारीच्या भाकरीला एका ग्रॅमने भारी. आजी हरली. गव्हाचा काही गुन्हा नाही, गुन्हा आहे कोंडा काढून टाकण्याचा. आमच्या घरी चाळणीत उरलेला कोंडा वर्षानुवर्षं गायीला जायचा. गाय एकदम फिट होती.

सँडविचमधल्या सलामीचं काय? 2015 च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने प्रोसेस्ड मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन वगैरे, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू असल्यामुळे तेव्हा पेपरांत बोंब झाली की बेकन म्हणजे सिगारेटच. तसं नाहीये. पुरावा किती पक्का आहे याचा तो गट आहे, धोका किती मोठा आहे याचा नाही. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण 18 टक्क्यांनी वाढतो, आणि आपल्याकडे तो मुळातच पाश्चात्य देशांपेक्षा पुष्कळ कमी आहे. मटण दुसऱ्या गटात आहे, 'बहुधा'वाल्या. रविवारच्या मटणावर मी तरी हात ठेवणार नाही. पण रोज रात्रीची दारू आणि वाढलेलं पोट यांच्याबद्दल 'बहुधा' म्हणायचीही सोय उरलेली नाही. ते पक्क्या यादीत आहेत. मिरचीने कसलीच सही केलेली नाही, तरी शिव्या तिलाच!

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे गावाकडचं जेवण बेस्ट, चला सातपुड्यात. थांबा जरा. एका असाइनमेंटसाठी मी धडगावकडच्या पाड्यांवर फिरले होते. तिथल्या ताटात ज्वारी-मका होता, रानभाज्या होत्या, फायबर पाहिजे तेवढं. आणि त्याच घरात दीड वर्षाचं मूल होतं, ज्याचं वजन सहा किलोसुद्धा भरत नव्हतं. आमचा जिल्हा बातम्यांत येतो तो कुपोषणासाठी. त्या ताटाला मी पुण्यात बसून 'हेल्दी' म्हणणं म्हणजे चावटपणा होईल. आणि जिथे दुर्बीण पोचलेली नाही तिथे हा आजार सापडणार तरी कसा? पोटात दुखून गेला, एवढंच कळतं. म्हणून गावात कॅन्सर नाही असं कुणी म्हटलं की मला मोजणारा माणूस कोण, ते विचारावंसं वाटतं. महाराष्ट्रात तो मोजला गेलाय, हे आपलं नशीब. मुंबईची कॅन्सर नोंदणी 1963 पासून आहे, देशातली पहिली. आणि 1987 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तिथे कार्यकर्ते गावोगाव फिरून पेशंट शोधतात. शोधूनही बार्शीकडच्या खेड्यांत या कॅन्सरचं प्रमाण मुंबईपेक्षा कमीच निघालं. म्हणजे खेड्याचा थोडा फायदा खरा आहे. पण तो एकट्या भाकरीचा की दिवसभराच्या कष्टाचा, हे वेगळं काढणं अवघड आहे.

पप्पांचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. आतड्याचा फूटभर तुकडा काढला. आणि मग डाएटिशियन आली आणि तिने कागद दिला: काही आठवडे भाकरी नाही, पालेभाजी नाही, सालीसकट डाळ नाही. चोथा बंद! मऊ भात, दही, सालं काढलेला बटाटा. मी एवढं सगळं वाचून तयार होते आणि पेशंटला मिळाला पांढरा भात. आतडं जोडलंय, त्याला विश्रांती हवी, एवढं साधं कारण. पण पप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं फायबर तूच खा आता." ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मग केमो. त्यातल्या एका औषधाने असं होतं की थंड काही हाताला लागलं की मुंग्या येतात, गार पाणी घशाखाली गेलं की घसा आवळल्यासारखा होतो. नंदुरबारचा मे महिना. बाहेर 44 डिग्री. आणि पप्पा कोमट पाणी पिताहेत. फ्रिज उघडायला आई, माठाला हात लावायला आई. शेजाऱ्यांकडे आमरस-पुरीचा बेत आणि पप्पांना आमरस द्यायचा तर तोही कोमट करून. कोमट आमरस कुणाला वाढून बघा. ऑगस्टमध्ये हे संपलं. आता ते बरे आहेत, ठरल्या तारखांना तपासणीला जातात, गादीवर बसतात आणि ठेचा खातात. भाकरीबरोबर.

शेवटच्या व्हिजिटला सर्जननी माझा आणि दादाचा विषय काढला. वडिलांना साठीच्या आत झालाय, म्हणजे मुलांची कोलोनोस्कोपी चाळिसाव्या वर्षी, किंवा वडिलांच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल ते. आमच्या हिशेबात चाळीस. बहुतेक वेळा ही गाठ आधी एका छोट्या मोडासारखी असते आणि तिचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्यात दुर्बिणीतून ती खुडून टाकली की विषय संपला. मी 28 ची आहे. म्हणजे बारा वर्षं. फोनच्या कॅलेंडरवर एवढ्या लांबचं रिमाइंडर लावता येतं, मी लावलं. "पण हे सगळं त्रास नसेल तर," ते म्हणाले. "रक्त दिसलं तर वय बघायचं नाही." टाटा मेमोरियलने 2017 मध्ये आपल्या पेशंटांचा आढावा छापला होता, त्यात सरासरी वय होतं 47 च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे यातले पुष्कळ जण रिटायरमेंटला आलेले नसतात, होम लोन फेडत असतात.

दादा 31 चा आहे. हिंजवडीत टीम लीड. दिवसभर खुर्ची, रात्री अमेरिकेचे कॉल, जेवण डेस्कवर. मागच्या महिन्यात आम्ही मिसळ खायला गेलो होतो. त्याने एक्स्ट्रा तर्री नको म्हटलं. खानदेशी माणूस, तर्री नको? मी चमचा खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही गं. थोडं पाइल्सचं. तिखट खाल्लं की होतं."

"रक्त?"

"दोनदा. तीनदा. अगं, बसून बसून होतं सगळ्यांना. ऑफिसात अर्ध्या लोकांना आहे."

खरंय ते. त्याच्या वयाच्या बहुतेकांना जे रक्त दिसतं ते मूळव्याधीचं किंवा फिशरचंच असतं. डॉक्टरही तेच सांगतील आणि बहुधा तसंच निघेल. पण पप्पाही मूळव्याधच म्हणत होते आणि त्यांना मूळव्याध होतीच. मी त्याच्यावर तिथेच ओरडले, अख्ख्या हॉटेलासमोर, तर्रीच्या बादल्या घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्यांसमोर. तो म्हणाला, बघू रिलीज झाल्यावर. मग मी घरी फोन लावून फोन पप्पांकडे दिला. ते त्याला पाच मिनिटं काय म्हणाले ते दादाने सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर त्याने मॅनेजरला मेसेज टाकला.

गुरुवारी सकाळी साडेआठची अपॉइंटमेंट आहे. हे लिहायची परवानगी त्याने एका अटीवर दिलीय, कंपनीचं नाव नको. बुधवारी रात्री मी त्याच्याकडे राहायला जातेय. आतडं रिकामं करायची दोन लिटरची ती पावडर आणून ठेवलीय, लिंबाचा फ्लेवर. पप्पा म्हणतात, गार करून पी, चव कमी लागते. गुरुवारी सकाळी फोन करून ते पहिला प्रश्न काय विचारणार आहेत ते आम्हाला दोघांनाही माहीत आहे. "पोट साफ व्हयनं का?"